सुंदराच्या भिंतीवरच्या सेंच्युऱ्या

‘सेंच्युरी’ हा शब्द सुंदरा दोन कानांनी ऐकायची. एका कानाने बापाची, दुसऱ्याने नवऱ्याची. या दोन कानांनीच पुढे तिचा घात केला, पण ते नंतर.

बापाची सेंच्युरी म्हणजे शहाडची कंपनी, धाग्याची. बाप तिथे कायम कामगार होता. हा ‘कायम’ शब्द सुंदरा बोलायला लागली तेव्हाच शिकली असावी. पहाटेच्या एस.टी.ने बाप जायचा, हातात तीन कप्प्यांचा डबा, आणि तो डबा घासायचं काम सुंदराकडे. बाकीच्या पोरींचे बाप भात पिकवत, हिचा बाप पगार आणत असे. लोक तिला ‘सेंच्युरीवाल्याची पोर’ म्हणत आणि तीही मान जरा वर करून चाले.

मग लग्न झालं ते सावळारामशी. सिद्धगडाच्या पायथ्याला गाव, भाताची थोडी जमीन, आणि क्रिकेटचं वेड असं की नांगरताना रेडिओ बांधावर आणि नांगर भलतीकडे. सुंदराने कपाळाला हात लावला. एका खेळाडूवर त्याचा भारी जीव. त्याचं नाव इथे नको. नाव घेतलं की लोक गोष्ट सोडून आकड्यांवर भांडत बसतात. तर लग्नाला दहाएक वर्षं झाली तेव्हा तो खेळाडू नुकता कुठे देशाच्या संघात आला होता, मिसरूड फुटलेला, आणि सावळाराम छाती ठोकून सांगायचा, “हा पोरगा सगल्यांचा रेकॉर्ड मोडनार. लिवून ठेवा.”

लिहून कोणी ठेवलं नाही. सावळारामने ते भिंतीवर ठेवलं. या भागात मळणी झाली की भात मोजून कणग्यात ओततात आणि मोजणारा चुकू नये म्हणून दर मणामागे शेजारच्या भिंतीवर गेरूची रेघ ओढतात. अशीच एकदा मोजणी चालली होती, रेडिओ चालू होता, आणि त्या पोराने पहिली सेंच्युरी मारली. सावळारामने माप टाकलं, चुन्याच्या डबीत बोट बुडवलं आणि गेरूच्या रेघांच्या बाजूला एक पांढरी रेघ ओढली. गेरूच्या रेघा सुंदरा दरवर्षी सारवणाखाली घालायची. चुन्याच्या रेघेला हात लावला की सावळाराम ओरडायचा. शेवटी तिने भांडण सोडलं आणि पांढऱ्या रेघांच्या कडेकडेने सारवायला शिकली.

रेघा वाढत गेल्या. पडवीची ती भिंत अर्धी पांढरी झाली. आता रेकॉर्डला थोडंच कमी आहे, असं सावळाराम येईल त्याला सांगू लागला, आणि त्याच पावसाळ्यात लावणी चालू असताना छातीत कळ येऊन चिखलातच बसला. उठला नाही. खेळाडूने रेकॉर्ड मोडला तो त्यानंतर. त्या दिवशी मुलाने, प्रणितने, चुना कालवला आणि विचारलं, “आये, केवडी काढू?” सुंदरा म्हणाली, “छपराला टेकव.” ती रेघ जमिनीपासून निघून वाशाला टेकली आणि सुंदरा तिच्याकडे बघत पदरात तोंड घालून रडली. ज्याने बघायला हवं होतं, तो नव्हता.

प्रणित बापावर गेलेला. टेनिस बॉलच्या सामन्यांत सलामीला उतरायचा. शहापूर, मुरबाड, पार भिवंडीपर्यंत संघवाले गाडी पाठवून त्याला नेत. बी.ए. झालेला, निर्व्यसनी, दिसायला उजवा. पण तिशी आली तरी लग्न जमेना. मुलगा कसा आहे, पितो का, आईला हाक कशी मारतो, हे हल्ली कोणी विचारतच नाही. दारात चप्पल काढायच्या आधी लोक विचारतात, “पोरगा कुठं कायम हाय?” प्रणित कुठेच कायम नव्हता. चार महिने इथे, सहा महिने तिथे. पाहुणे चहा पीत, ‘कळवतो’ म्हणत, आणि त्यांचा फोन येत नसे. सुंदराने असे किती कप विसळले, ते तिचं तिला माहीत.

मग भाविकाचं स्थळ आलं. आटगावकडची मुलगी, शहापूरला एका दवाखान्यात खिडकीवर बसून केसपेपर काढायची. मुलगी बघायला गेले तेव्हा तिने प्रणितला एकच प्रश्न विचारला, “तुमी ओपनिंगला खेळता ना?” प्रणित लाजून लाल झाला. घरी येताना एस.टी.त त्याने आईला चार वेळा विचारलं, “आये, तुला कशी वाटली गो?” सुंदराला हसू आलं आणि धास्तीही वाटली. कारण मुलीचा बाप चंदर हा काही हसणारा माणूस नव्हता.

चंदरचं दुखणं जुनं होतं. त्याचा थोरला भाऊ सेंच्युरीत कायम लागला आणि चंदर गावात शेती बघायला राहिला. भावाच्या घरात पगाराच्या दिवशी जिलेबी यायची आणि चंदरची पोरं पुडक्याकडे बघत उभी राहायची. आपल्याला जे मिळालं नाही ते पोरीला मिळालंच पाहिजे, एवढं एकच त्याने धरून ठेवलं होतं. मुलगा त्याला आवडला. तरी म्हणाला, “घर बघायला येतो. मंग बोलू.”

घर बघायचा दिवस ठरला आणि नेमका त्याच सकाळी प्रणित पायात बूट घालून तयार. “आये, कल्यानला कंपनीत मुलाखत हाय. आज नाय गेलो तर हातची जाईल.” सुंदरा कशाला अडवते? तिने त्याच्या हातावर दही ठेवलं आणि देवाला हात जोडले.

प्रणित गेला होता शहापूरला, फायनल खेळायला.

दुपारी चंदर आला, सोबत त्याचा मेहुणा धाऊ. सुंदराने पोहे केले, चहा ठेवला. मुलगा मुलाखतीला गेलाय, हे ऐकून चंदरला बरंच वाटलं. त्याने विहीर बघितली, गोठा बघितला, मग पडवीत आला आणि भिंतीसमोर उभा राहिला.

“भात लय झालेलं दिसतंय,” तो म्हणाला. रेघांवरून नजर फिरवत तो मोजायचा प्रयत्न करत होता.

सुंदराने तोंड उघडलं. ते भात नाही, ह्यांचं क्रिकेटचं वेड आहे, असं ती सांगणारच होती. पण चंदरच्या चेहऱ्यावर मघापासून नव्हता तो आदर दिसला आणि तिचं तोंड मिटलं. तिने काही खोटं सांगितलं नाही. गप्प राहिली, एवढंच. “चहा निवतोय,” म्हणाली.

तेवढ्यात फोन वाजला. रेंज येते ती फक्त घराच्या मागच्या अंगाला, म्हणून फोन मागच्या खिडकीत पिशवीत टांगलेला असतो. कानाला लावला तर त्यातून काही ऐकू येत नाही, म्हणून सुंदरा स्पीकर लावूनच बोलते. तिने बटण दाबलं.

“आये! सेंच्युरी झाली गो! माझी सेंच्युरी झाली!”

आणि रेंज गेली.

सुंदराने ते बापाच्या कानाने ऐकलं. देवाशपथ, त्या क्षणी तिला दुसरं काही सुचलंच नाही. पोरगा कंपनीत मुलाखतीला गेलाय, पोरगा सांगतोय सेंच्युरी झाली. तिला बापाचा डबा दिसला, गणवेश दिसला, फाटकाशी उभा बाप दिसला. ती पडवीत आली तर चंदर उठून उभाच होता.

“सेंच्युरी? शहाडची?”

“माजा बाप व्हता तिथं,” सुंदरा रडत म्हणाली. “आता नातू लागला.”

चंदरचा थोरला भाऊ सेंच्युरीवाला, सुंदराचा बाप सेंच्युरीवाला. नातं लग्नाआधीच लागल्यासारखं झालं. धाऊने साखरेचा डबा स्वतःच फळीवरून काढला. आणि फोन पुन्हा वाजला.

या वेळी सुंदरा तो घेऊन मागच्या अंगणात गेली. “आये, ऐकतेस ना? आठ ओव्हरची मॅच गो, आठ ओव्हरची! अशी सेंच्युरी इकडं कोनी मारली नसंल! बाबा पायजे होता आज...” मागे ताशे वाजत होते. कोणीतरी कर्ण्यावरून प्रणितचं नाव घेत होतं, चेंडू ओढ्यात गेला म्हणत होतं. आता सुंदराला दुसऱ्या कानाने ऐकू आलं. सगळं, स्वच्छ.

“तू मुलाखतीला गेला नव्हतास?” एवढंच ती म्हणाली.

पलीकडे नुसते ताशे.

ती परत पडवीत आली. चंदर साखरेची चिमूट धरून उभा होता. त्याचे डोळे ओले झाले होते. असा माणूस कधी रडत असेल, हे तिला खरं वाटलं नसतं.

“वहिनी, एक विचारतो. कायम ना?”

सुंदराने त्याच्याकडे पाहिलं. भिंतीवरच्या रेघांकडे पाहिलं. कितीतरी वर्षांत या पडवीत कोणी आनंदाने साखर वाटली नव्हती. भाविकाचा चेहरा आठवला, एस.टी.तला प्रणित आठवला.

“हा,” ती म्हणाली. “कायम.”

सुपारी तिथेच फुटली.

संध्याकाळी प्रणित कंबरेएवढा कप खांद्यावर घेऊन आला. ऐकून आधी हसला. मग कप खाली ठेवून तो डोकं धरून बसला. “आये, ह्ये काय केलंस गो?” “तू काय केलंस?” सुंदरा ओरडली. मायलेक बराच वेळ एकमेकांवर खेकसले आणि शेवटी दोघंही दमले. प्रणित म्हणाला, “लगीन वैशाखात हाय. तोवर मी कुठंतरी कायम लागतोच. मंग सांगू, सेंच्युरी सोडली, ही धरली.” त्याला स्वतःला ते खरं वाटत होतं. तो रोज बाहेर पडायचा, मुरबाडच्या कंपन्यांच्या फाटकांवर उभा राहायचा, आणि रोज कंत्राटाचं बोलणं घेऊन परत यायचा.

बाजारात बायका म्हणत, “भाग्याची हायेस, बाप सेंच्युरीत, पोरगा सेंच्युरीत.” ज्या नावाने ती मान वर करून चालायची, त्याच नावाने आता तिची मान खाली जाऊ लागली. ती मनाशी घोळत राहायची: पहिल्यांदा मी चुकले, ते माफ. भिंतीपुढे गप्प राहिले, तेही एक वेळ माफ. पण ‘कायम’ म्हणाले तेव्हा मला सगळं कळलं होतं की. चूक कुठे संपली आणि खोटं कुठे सुरू झालं, हे तिला नक्की ठाऊक होतं. ठाऊक नसतं तर तिला झोप तरी लागली असती.

पौषात म्हसा गावची जत्रा आली. चंदरने निरोप धाडला, जत्रेला येतोच आहे, बैलबाजार बघेन, भाविकालाही आणतो, जेवायला तुमच्याकडे. होणारी सून सणाजत्रेला घरी येते, त्यात वावगं काही नाही. सुंदराने कोंबडं कापलं, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या. भाविका आली, साडी खोचून थेट चुलीपाशी बसली आणि भाकरी उलटू लागली. जणू कायमची इथलीच. सुंदराला तिच्याकडे बघवेना.

जेवणं झाली. चंदर आणि धाऊ पुन्हा बाजारात गेले. मॅच चालू होती, आणि तिसऱ्या प्रहरी गावभर आरोळी उठली. त्या खेळाडूने आणखी एक मारली होती. त्याच्या रेकॉर्डवर आणखी एक चढली. प्रणित चुन्याची वाटी घेऊन आला आणि त्याने ती भाविकापुढे धरली. “आज तू काढ.”

भाविकाने पदर तोंडाला लावला, नको नको म्हणाली आणि काढली. सवय नव्हती. चुना जास्त घेतला गेला, रेघ जाड आली आणि वर जाताना उजवीकडे कलली. “वाकडी झाली,” ती खट्टू होऊन म्हणाली. “राहू दे,” प्रणित म्हणाला, आणि तो तिच्याकडे असा बघत होता की आता हिला सांगायलाच हवं, असं सुंदराला वाटलं.

प्रणित पाणी आणायला विहिरीवर गेला तसं सुंदराने भाविकाचा हात धरला आणि तिला भिंतीपाशीच बसवलं.

“बाय माजी, तुला एक सांगायचं हाय. ह्या रेघा बघितल्यास ना? आमच्या घरात सेंच्युरी ती हीच. दुसरी नाय. प्रणित कंपनीत लागलेला नाय.”

भाविकाने हात सोडवून घेतला नाही. खाली बघत म्हणाली, “मला माहीत हाय, मावशी.”

“कवापासून?”

“त्याच दिवसापासून. मॅच मी मोबाइलवर लाईव्ह बघत होते. बाबा घरी येऊन सांगायला लागले, सेंच्युरीत लागला, सेंच्युरीत लागला. मला कळलं काय झालंय ते.”

“मंग बोलली का नाय?”

“बोलले असते तर बाबांनी दिलं नसतं.” मग तिने मान वर केली. “आता तुमी पन बोलू नका. लगीन होऊ द्या. माझा पगार हाय, ते काहीतरी बघतील. बाबांना कळंल तवा कळंल.”

सुंदराचा जीव भांड्यात पडला. आता ती एकटी नव्हती. मुलीलाच जर चालतंय, तर आपण कोण लागून गेलो? लग्न होईल, पोरं होतील, चंदर वर्षभर रुसेल आणि नातवाच्या बारशाला येईल. असं कितीतरी घरांत झालंय. तिने भाविकाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ठरवलं, नाही बोलायचं.

चंदर बाजारातून परतला तो काखेत घोंगडी आणि हातात कागदात गुंडाळलेलं काही घेऊन. ओट्यावर बसला, घाम पुसला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच थट्टेच्या सुरात म्हणाला, “विहीनबाय, जावयाला काय आनलंय बघा.” त्याने कागद सोडला. आत स्टीलचा डबा होता. तीन कप्प्यांचा.

“ड्युटीला लागंल,” चंदर म्हणाला. “माज्या भावाचा असाच व्हता. मी लहानपनी उचलून बघायचो. म्हनलं, आपल्या जावयाच्या हातात आपन दिलेला जाऊ दे.”

त्याने डबा सुंदराच्या हातात ठेवला. रिकामा डबा तो, वजन ते काय असणार? तिच्या हाताला पेलवेना. वर्षानुवर्षं तिने असा डबा घासला होता. तो कोणाचा असतो, कसा मिळतो, हे तिला माहीत होतं. हा माणूस आपलं सगळं राहून गेलेलं त्या डब्यात घालून तिच्या हातात देत होता, आणि तिने तो ठेवून घेतला असता तर फळीवर ठेवून रोज त्याच्याकडे बघावं लागलं असतं.

भाविका दारात उभी होती. तिने डोळ्यांनी नको म्हटलं. सुंदराने ते पाहिलं.

“व्याही,” डबा ओट्यावर ठेवत ती म्हणाली, “आत या. त्या भिंतीपाशी या.”

तिने सगळं सांगितलं. हे भात नाही. ह्या माझ्या नवऱ्याने मोजलेल्या सेंच्युऱ्या, बॅटीच्या. फोनवर पोराने सांगितली तीही बॅटीचीच. तो मुलाखतीला गेलाच नव्हता. प्रणित विहिरीवरून कळशी घेऊन आला होता. तो कळशी खाली न ठेवता तसाच उभा राहिला.

चंदरने रेघांवरून पुन्हा एकदा नजर फिरवली. मग त्याने हळू आवाजात विचारलं, “फोनवर आयकताना तुमाला पन तसंच वाटलं?”

“वाटलं. देवाची आन.”

“चूक कोनाची पन होते. मला पन तसंच वाटलं व्हतं.” तो थांबला. धाऊने सुस्कारा सोडला. सगळं निभतंय, असं एक क्षण सगळ्यांनाच वाटलं. “पन मंग मी ‘कायम ना’ विचारलं. तवा तुमाला म्हाईत व्हतं?”

इथे सुंदरा नाही म्हणू शकली असती. तिला कोण खोटं पाडणार होतं? तिच्या मनात काय होतं, याला प्रणितशिवाय साक्षीदार नव्हता. प्रणित तिच्याकडे बघत होता, भाविका बघत होती, आणि दोघांच्या डोळ्यांत एकच शब्द होता. आईच्या तोंडून तो एवढा एक शब्द निघाला असता तर पोराचा संसार उभा राहिला असता.

“व्हतं,” सुंदरा म्हणाली.

चंदरने टोपी उचलली. “मी रडलो व्हतो तुमच्या म्होरं,” एवढंच तो म्हणाला. त्या आवाजात राग नव्हता, आणि तेच सुंदराला जास्त लागलं. “भाविका, चल.”

भाविका जाताना एकदा वळली. सुंदराकडे नाही, प्रणितकडेही नाही. तिने भिंतीकडे बघितलं.

डबा ओट्यावरच राहिला होता. सुंदराने तो कागदात गुंडाळून धाऊच्या हाती परत धाडला. भाविकाचं लग्न वैशाखातच झालं. खर्डीकडे दिली, मुलगा कायम आहे म्हणतात. डबा कोणाच्या हातात गेला असेल, हे सुंदराला कोणी सांगायला नको.

प्रणित आईशी बोलेनासा झाला. ‘हो’, ‘नाय’, ‘वाढ’, एवढंच. एकदाच तो फुटला. “एक नाय म्हनली असतीस तर तुजं काय गेलं असतं गो?” सुंदरालाही रोज तेच वाटायचं. खरं बोलल्याचं समाधान मिळतं असं लोक म्हणतात. तिला मिळालं नाही. तिला फक्त घरात पसरलेली शांतता मिळाली आणि समोर पोराची पाठ.

त्याने बॅट माळ्यावर टाकली आणि मुरबाडला एका कंपनीत कंत्राटावर लागला. तो देशाचा खेळाडू मात्र खेळतच होता. त्याने पुढे आणखी मारल्या. गावात आरोळी उठायची, फटाका वाजायचा, आणि प्रणित पडवीकडे ढुंकूनही बघायचा नाही. चुन्याची वाटी सुकून पडली. तिकडे जगात रेकॉर्ड पुढे गेला आणि सुंदराच्या भिंतीवर तो भाविकाच्या वाकड्या रेघेपाशी थांबला. दिवाळीला सुंदराने भिंत सारवली. त्या रेघेच्या कडेने तिने बोट असं फिरवलं, जसं बाळाच्या डोळ्याच्या कडेने काजळाचं फिरवावं.

मळणी झाल्यावर एक नवं स्थळ आलं, घर बघायला. बाप, चुलता, एक म्हातारी. सुंदराने पोहे केले, चहा ठेवला. प्रणित या वेळी घरातच होता, कोपऱ्यात खुर्चीवर. म्हातारी पडवीत गेली आणि भिंतीपुढे थांबली.

“भात बरंच हाय गो तुमचं.”

“भात नाय, आजी,” सुंदरा लगेच म्हणाली. “ह्यांना क्रिकेटचा नाद व्हता. त्या सेंच्युऱ्या हायत. भात ह्या वर्षी कमीच झालंय.”

बापाने चहाचा घोट घेतला. “पोरगा कंपनीत हाय आयकलं. कायम ना?”

प्रणितने मान वर करून आईकडे पाहिलं.

“नाय,” सुंदरा म्हणाली. “कंत्राटी. कदी पन काडतील.”

पाहुण्यांनी चहा संपवला, कळवतो म्हणाले आणि गेले. सुंदरा कप गोळा करू लागली. कोणाचाही फोन येणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं, आणि पोरगा आता पुन्हा फुटेल म्हणून तिने पाठ वळवली.

प्रणित खुर्चीवरून उठला. तिच्या हातातले कप घेतले, मोरीवर नेऊन ठेवले. मग पडवीत जाऊन उभा राहिला.

“आये,” तो म्हणाला, “बाबाच्या खेळाडूच्या मागच्या काही काढायच्या राहिल्यात गो. चुना हाय का?”

सुंदराने वाटी धुतली आणि चुना कालवून दिला. त्याने बोट बुडवलं आणि भाविकाच्या रेघेपाशी आणलं. तिथे थोडा वेळ थांबला. मग हाताची चार बोटं भिंतीला आडवी लावून तेवढी जागा मोकळी सोडली आणि तिच्या पुढे नवी रेघ ओढली.